बिभीषणचं जावळ

"डोकं कर. डोक्याला माझं काय बी म्हननं नाय. पन मिशीला हात लावू नको."

असं म्हणून मुंजाबानं आपला रापलेला तळवा लेकाच्या वरच्या ओठावर झाकणासारखा ठेवला. कॉटवर बिभीषण अर्धवट शुद्धीत पडला होता. चेहरा सुजून डोळे मिटलेले, जबडा एका बाजूला सरकलेला, कानामागे रक्ताची खपली. त्या सगळ्या पडझडीत त्याची झुबकेदार मिशी तेवढी जागच्या जागी होती.

कमरोद्दीननं वस्तरा पेटीत परत ठेवला आणि स्टूलवर बसला. घाई केली की म्हातारी माणसं जास्त अडून बसतात, हे त्याला ठाऊक होतं.

"बाबा, डाक्टरसायबांनी सांगितलंय. तोंडातून नळी घालायची, ती पट्टीनं चिकटवायची. जबड्याचं बी काम हाय. मिशी ठिवून व्हत नाय."

"मी जिता हाय," मुंजाबा म्हणाला.

"ते दिसतंय की मला."

"मंग? बाप जिता असताना लेकाची मिशी काढायची? आमच्यात बाप मेल्याबिगर वरच्या ओठाला वस्तरा लागत नाय. उद्या ह्यो सुदीवर येईल, ओठ चाचपंल, तवा काय म्हनंल? बाप गेला म्हनंल."

सरकारी दवाखान्यात हजामाचीही एक जागा असते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. ऑपरेशनच्या आधी पेशंटचा तो भाग साफ करून द्यायचा, एवढंच काम. दवाखान्याच्या भाषेत त्याला 'पार्ट प्रिपरेशन' म्हणतात. कमरोद्दीनला हे दोन शब्द इतक्या वर्षांत कधी नीट म्हणता आले नाहीत. तो आपला 'पाटपरेशन' म्हणायचा, आणि नवीन आलेल्या सिस्टरसुद्धा महिनाभरात तसंच म्हणू लागायच्या.

त्याचा बाप छावणीच्या बाजारात शिपायांच्या दाढ्या करायचा. त्याच्या दुकानात निदान आरसा होता. काम झालं की गिऱ्हाईक आरशात बघून खूश व्हायचं, मान डोलवायचं. कमरोद्दीनच्या वाट्याला आरसा आला नाही. त्याच्या हाताखालून उठलेला माणूस थेट टेबलावर जायचा. बरा झाला तर डॉक्टरांच्या पाया पडायचा, सिस्टरना पेढे द्यायचा. हजाम कुणाच्या लक्षात राहावा? केस परत आले की माणूस ते दिवसच विसरायला बघतो. कमरोद्दीनला मात्र बाजारात एखाद्याची टोपी सरकली, की डोक्यावरची खूण ओळखू यायची. तो हसायचा, समोरचा मात्र अनोळखी नजरेनं पुढे निघून जायचा.

त्या वर्षांत शहर चहूबाजूंनी वाढत होतं. बायपासच्या कडेला माळावर इमारती उठत होत्या, आणि तिकडे खेड्यांत विहिरींचे तळ दिसत होते. पाऊस फिरकायचं नाव घेत नव्हता. त्यामुळे कमरोद्दीनच्या हाताखाली डोकी आली तीही सगळ्या मुलखांची. बिहारचे गिलावा करणारे, ओडिशाचे सळई बांधणारे, हिंगोली-परभणीकडचे विहीर खोल करताना दरडीखाली सापडलेले. प्रत्येकाची आपली एक अडचण असायची. कुणाला शेंडी राखायची असायची, कुणाला वार चालायचा नाही. एकदा नांदेडकडच्या एका सरदारजी ड्रायव्हरनं हात जोडले, तेव्हा कमरोद्दीननं स्वतः डॉक्टरांच्या मागे लागून चिमूटभर जागेवर भागवलं होतं. देश एवढा मोठा, पण भूल द्यायच्या आधी सगळ्यांचे हात सारखेच गार पडतात, असं तो मुनिराला, म्हणजे बायकोला, सांगायचा.

पण मिशीवर असा अडून बसलेला बाप त्याला पहिल्यांदाच भेटला होता.

मुंजाबा वैजापूरकडचा धनगर. दोन उन्हाळे चाऱ्यावाचून गेले, तेव्हा मेंढरं विकली. सांभाळण्यासारखं काही उरलं नाही म्हणून एकुलता एक लेक शहरात सेंट्रिंगच्या कामावर आला. आयुष्यभर सपाट माळावर चालणारा गडी चौथ्या मजल्याच्या फळीवर उभा राहिला आणि पाय घसरून पडला. मागे बायको, दिपाली, आणि रांगणारी एक मुलगी. त्या दोघी गावाकडे होत्या. मुलीला घेऊन कसं यायचं म्हणून मुंजाबानं सुनेला थांबवलं होतं आणि नुसतंच 'हाताला लागलंय' म्हणून सांगितलं होतं.

वॉर्डच्या दारातून प्रांजली सिस्टर आल्या.

"कमरूचाचा, झालं का? ऑपरेशन थिएटरातून दोनदा फोन आला. डोक्यात रक्त साकळतंय त्याच्या. उशीर चालणार नाही."

"होतंय सिस्टर. जरासं."

मुंजाबा उठला. कॉटखालचं घोंगडं काढून त्यानं खांद्यावर टाकलं. "नाय व्हत. गाडी बघतो. गावाकडं नेतो त्याला."

 असे घेऊन गेलेले पेशंट कमरोद्दीननं पाहिले होते. फाटकाबाहेर पडलेली गाडी कित्येकदा तासाभरानं परत आलेली पाहिली होती. तो स्टूलवरून उठला आणि मुंजाबाच्या वाटेत उभा राहिला.

"बाबा, एक ईचारू? तुमच्यात लेकरांचं जावळ काढत्यात का नाय?"

"काढत्यात. बिरोबाला."

"तवा बाप मेलेला असतो का?"

मुंजाबा थांबला. "मेलेला कशाला आसंल? बापच तर बकरू कापतो."

"मंग ह्ये जावळच समजा. पोरगा नव्यानं जनमतोय तुमचा. एवढ्या उंचावरनं पडून वाचला, ह्यो दुसरा जलमच. जावळात डोकं बी जातं आन् सगळंच जातं. त्याला कोन सुतक म्हनतं का?"

म्हातारा विचारात पडला. घोंगडं खांद्यावरून थोडं खाली आलं.

"जावळाला मामाची मांडी लागती," तो म्हणाला. "ह्याचा मामा कवाच गेला."

"मी बसतो मामा," कमरोद्दीन म्हणाला. "मांडी बी माझी, वस्तरा बी माझा."

आता इथे थांबला असता तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत त्यानं कुणाला, कधी, कसलाही शब्द दिला नव्हता. डॉक्टरसुद्धा देत नाहीत, मग आपण कोण? आपण केस काढायचे आणि बाजूला व्हायचं. पण मुंजाबा त्याच्याकडे असा बघत होता, की सगळा निकाल जणू याच्याच हातात आहे. कमरोद्दीनला तो बघणारा चेहरा सोसला नाही.

"माझ्या रोजीची कसम घिऊन सांगतो. ह्ये केस तुमचा बिभीषण सोताच्या पायानं बिरोबाला घिऊन जाईल. बोला, काढू?"

मुंजाबानं तळवा उचलला.

नळाला पाणी नव्हतं. टँकर दुपारनंतर यायचा. कमरोद्दीन ओल्या कापसावरच भागवणार होता, पण मुंजाबानं उशाशी ठेवलेली आपली बाटली पुढे केली आणि सगळं पाणी मगात ओतलं. गावाहून आणलेलं पाणी होतं ते. "जावळ हाय," तो म्हणाला. "कोरडं कसं काढायचं?"

कमरोद्दीन कॉटवर चढून मांडी घालून बसला. वॉर्डात असं कधी कुणी बसत नाही. सिस्टरनी बघितलं आणि मान फिरवली. त्यानं बिभीषणचं डोकं अलगद मांडीवर घेतलं. जखमेच्या कडेकडेनं, एरवी दाबून धरावं लागतं तिथे नुसतं फुंकर घालत त्यानं डोकं केलं. मग मिशी. पहिला हात त्यानं मुंजाबाच्या बोटांत वस्तरा देऊन, त्याच्याच हातानं फिरवून घेतला.  मिशीखालची कातडी गोरी, कोवळी निघाली.

मुंजाबा बघत राहिला. "लगीन झालं तवा बी असाच दिसायचा," तो म्हणाला. "मिशी नव्हती नीट."

सगळे केस कमरोद्दीननं गॉजच्या तुकड्यात बांधून त्याच्यापुढे धरले. हा कचरा पिवळ्या पिशवीत टाकायचा नियम होता, पण नियमाला जावळ काय माहीत!

मुंजाबानं हात मागे घेतला. "तूच ठिव. मामा हायेस ना? तो हिंडाफिराया लागला की त्याच्याच हातात दे."

कमरोद्दीननं पुरचुंडी पेटीच्या तळाशी ठेवली.

ऑपरेशन झालं. जबडा तारांनी बांधला, डोक्याला पट्ट्या. दुसऱ्या दिवशी कमरोद्दीन त्याच हॉलमध्ये पलीकडच्या कॉटवर एकाचं डोकं करत होता. खरं तर त्याला तो पेशंट नंतर करता आला असता. सकाळपासून काही ना काही निमित्त काढून त्याच्या इथे चकरा चालल्या होत्या.

बिभीषणचा हात हलला.

मुंजाबा कॉटच्या कडेला बसल्या बसल्या पेंगत होता. तो हात हळूहळू वर आला, गालावरून चाचपडत ओठापर्यंत गेला आणि तिथे थांबला. बोटं एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. परत डावीकडे. मग त्या तारांनी बांधलेल्या तोंडातून जो आवाज आला, तो ऐकून अख्खा वॉर्ड उठून बसला. डोळे सुजून बंद होते, त्यांच्या फटींतून पाणी गालावर यायला लागलं. बिभीषण रडत होता. बाप मेल्यावर माणूस रडतो तसा रडत होता, आणि बाप हातभर अंतरावर बसलेला होता.

"आरं हाय मी!" मुंजाबा धडपडत उठला. "बिभीषण्या, हाय मी! जिता हाय!"

पण ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. मुंजाबानं त्याचा हात धरून स्वतःच्या तोंडावर फिरवला, तरी रडणं थांबेना. कमरोद्दीनचा वस्तरा हातातच राहिला. मीच काढली ती मिशी, असं त्याच्या मनात येत राहिलं.

मग मुंजाबानं जीभ टाळूला लावली आणि एक आवाज काढला. मेंढरं पांगली की वळवून आणायला काढतात तो. लांबलचक, खालून वर चढत जाणारा, शेवटी दोन झटके. एकदा काढला, परत काढला. मोकळ्या माळावर ऐकायचा आवाज तो, चार भिंतींत घुमला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सिस्टर पळत आल्या, त्याही दारातच थांबल्या.

बिभीषण शांत झाला. त्याचा हात परत वर आला, मुंजाबाच्या मुंडाशाला लागला आणि ते त्यानं घट्ट धरलं.

"कळलं बघ त्याला," मुंजाबा कमरोद्दीनकडे बघून म्हणाला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तोंड हसत होतं. "लहानपनापासनं वळकतो. मेंढराच्या आदी ह्योच यायचा पळत."

त्या दिवशी कमरोद्दीन घरी गेला तो उड्या मारतच. मुनिराला सगळं सांगितलं, मेंढरांचा आवाजही काढून दाखवला. तिनं हसून कानांवर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ड्यूटीवर आला, तर ती कॉट मोकळी होती. आवडाबाई, झाडूवाली, गादी पुसत होती. पहाटे अचानक श्वास बिघडला, डॉक्टरांनी खूप केलं, असं तिनं सांगितलं. म्हातारा खाली असेल, पोस्टमार्टेमच्या तिथे, कागद व्हायचेत, असंही सांगितलं.

कमरोद्दीननं पेटी उघडलीसुद्धा नाही. पोटात दुखतंय असं सिस्टरना सांगून तो मागच्या फाटकानं घरी निघून आला. पुढच्या फाटकाच्या वाटेवर मुंजाबा बसलेला असणार होता.

मुनिरानं त्याला बघितलं आणि तव्याखालचा गॅस बंद केला.

"अजी, क्या हुआ? इत्ती जल्दी आगए?"

"तबियत नै ठीक."

"वो धनगर का छोकरा गया क्या?"

त्यानं मान हलवली. भिंतीकडे तोंड करून बसला. "मैं कसम खाया था मुनिरा. रोजी की. कबी नै खाया, और खाया तो ऐसी. अब क्या मुँह दिखाऊँ उसकू?"

 मुनिरा म्हणाली, "उसका बेटा गया. तुम अपने मुँह की फिकर में बैठे." आणि पेटी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "उसकी अमानत है इसमें. जाके देओ."

मुंजाबा शवागाराच्या बाहेर लिंबाखाली बसला होता. शेजारी गावाकडून आलेले दोघं-चौघं. सून आली नव्हती, तिला अजून सांगायचं होतं. कमरोद्दीन लांबूनच दिसला, तसा मुंजाबा उठून उभा राहिला.

कमरोद्दीननं तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "सकाळधरनं वाट बघतोय. पोराचा मामा झालतास ना तू? मंग असा कुटं गेलतास?"

कमरोद्दीनला रडू फुटलं. त्यानं ते लपवलं नाही. "बाबा, म्या खोटी कसम घेतली. माफ करा मला. म्या बोलायला नको व्हतं."

"त्ये राहू दे. तू बोलला नसतास तर म्या त्याला गाडीत घालून नेला असता, आन् वाटंतच गेला असता. डाक्टरांनी हात तरी लावला." मुंजाबानं तळवा पुढे केला. "केस आनलेस का?"

कमरोद्दीननं पुरचुंडी काढून त्याच्या हातावर ठेवली. जावळ देवाला घालतात. हे आता कुठल्या देवाला घालायचं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

मुंजाबानं गॉजची गाठ सोडली. केसांतून बोट फिरवत राहिला. डोक्याचे केस लांब आणि मऊ होते, मिशीचे आखूड आणि राठ. ते त्यानं बरोबर ओळखले.

"ह्यात मिशी हाय," तो म्हणाला.

"हाय."

"पहाटंधरनं ह्योच इचार करतोय. म्या मेलो की माझ्यामागं मिशी कोन काढनार? भावकीतलं काढंल कोन तरी, चारचौघांत दिसावं म्हनून काढंल. पोराची ती पोराचीच." त्यानं पुरचुंडी परत बांधली. गाठ दोनदा मारली. "मंग माझ्या ध्यानात आलं, भाई. त्यानं काढली की. माझ्यासाटीच काढली. बाप गेला समजून रडला बी. तू व्हतास तिथं, तू आयकलंस."

"आयकलं."

"मंग? लेक बापामागं ह्याच्यापरीस काय करतो? समदं करून गेला माझं."

 असलं काही कमरोद्दीननं ऐकलंच नव्हतं. त्यानं फक्त मुंजाबाचा हात धरला. तो गार होता.

आतून कुणीतरी नाव पुकारलं. भावकीतले दोघं उठले. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला बिभीषण बाहेर आला. तोंडावरून कापड थोडं सरकलं होतं. वरचा ओठ लहान मुलासारखा दिसत होता. कमरोद्दीननं पुढे होऊन कापड नीट केलं. आपण केलेल्या डोक्याला त्यानं पहिल्यांदाच असा शेवटचा हात लावला.

गाडी आली. वर चढायच्या आधी मुंजाबानं डोक्यावरचं मुंडासं उतरवलं. उन्हात त्याचं पांढरं, विरळ डोकं उघडं पडलं. त्यानं मुंडाशाचा पदर पसरला, पुरचुंडी मध्ये ठेवली आणि वेढे देत देत सगळं मुंडासं परत बांधलं. केस आत, अगदी टाळूवर आले.

"गावात सांगून ठिवतो," तो म्हणाला. "म्या गेलो की मुंडासं सोडू नका म्हनून. हाय असंच सरनावर ठिवा."

भावकीतल्या एकानं हात देऊन त्याला वर घेतलं. तो लेकाच्या उशाशी बसला. गाडी सुरू झाली, फाटकाबाहेरच्या खोदलेल्या रस्त्यावर आली. पुढे पाण्याचे टँकर उभे होते, त्यांच्यामधून ती हेलकावे खात निघाली. आतली माणसं प्रत्येक खड्ड्याला या बाजूची त्या बाजूला होत होती. मुंजाबा तेवढा हलत नव्हता. डोक्यावर भरलेली घागर घेऊन निघालेल्या माणसासारखी त्यानं मान ताठ धरली होती.